दुग्ध-ॲलर्जी आणि अमिनो आम्लांची पावडर

गायीचे दूध बाधले की अंबरनाथ एमआयडीसी परिसरातील पालक आम्हांस शेळीच्या दुधाविषयी विचारतात. स्तन्याभावी ते अष्टांगहृदयात सांगितले आहे खरे; परंतु ॲलर्जीत ते देऊ नये. दोहोंतील प्रथिने इतकी सारखी, की बहुतेक बालकांस तेही बाधते. दुग्धशर्करारहित पावडरीतही सामान्यतः हीच प्रथिने असतात, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानी घ्यावे.

स्तन्यपान शक्य असल्यास चालू ठेवावे; मातेस दूध, दही, घृतकल्पही वर्ज्य. स्तन्य नसल्यास सौम्य लक्षणांत प्रथिनांचे सूक्ष्म विघटन केलेली पावडर बहुधा पुरते. जीवघेणी प्रतिक्रिया, खुंटलेली वाढ किंवा तिनेही न थांबणारा रक्तमिश्रित मल असल्यास मात्र बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली अमिनो आम्लांचीच पावडर द्यावी. ती महाग असते. पण पुरवण्यासाठी पातळ करून पाजल्यास पोषण तुटते, हे पालकांस बजावून सांगावे.