अर्थसीतील गेड आणि तेनार

कुमारवयीन वाचकांसाठीच्या अद्भुतकादंबरीत, म्हणजे ‘यंग अ‍ॅडल्ट फँटसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात, खलनायक बहुधा बाहेरचा असतो. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत मात्र गेड हा तरुण जादूगार गर्वाच्या भरात स्वतःच एक छाया मोकळी सोडतो, आधी तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो आणि अखेरीस तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. युद्धाविना घडणारा हा शेवट विलक्षण धाडसी आहे.

तरीही या कादंबरीपासून सुरू होणाऱ्या अर्थसी मालिकेतील सर्वश्रेष्ठ पात्र तेनारच होय. ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ या पुढच्या कादंबरीत मृत पुजारिणीचा पुनर्जन्म समजून बालपणीच घरापासून तोडलेली आणि स्वतःच्या नावालाही मुकलेली ही मुलगी भूमिगत चक्रव्यूहात शिरलेल्या गेडला कोंडते, पण मारत नाही, पुढे अंधारातील शक्तींना तो थोपवून धरतो, वाट मात्र तिलाच ठाऊक असते, म्हणून सुटका दोघांची एकमेकांमुळे होते. ‘तेहानू’त (१९९०) ती मध्यमवयीन विधवा म्हणून भेटते, नायिकेला असे वयाने वाढू देणाऱ्या मालिका दुर्मीळच. वाचकांनी पहिल्या पुस्तकावर थांबू नये.