डाग कोणता, हे आधी; लेसर नंतर

साठी ओलांडली की त्वचेवर नव्या खुणा उमटू लागतात. हातांच्या पाठीवर मसुराएवढे तपकिरी ठिपके येतात, गालांवरचे वांग गडद होतात, मानेवर काळसर कणी दिसतात, कपाळाचा रंग एक आणि हनुवटीचा दुसरा असे वाटू लागते. घरातील तरुण मंडळी ‘वय झाले, आता असे व्हायचेच’ म्हणून मोकळी होतात. पण ज्याचा चेहरा असतो त्याला तो रोज सकाळी आरशात पाहावा लागतो. मग नातवाच्या लग्नाची तारीख ठरते, कोणी तरी लेसरची जाहिरात दाखवते आणि आईने किंवा सासूबाईंनी भीतभीत विषय काढलाच, तर “या वयात कशाला हे, आई?” या एका वाक्यात तो संपवला जातो. तो तसा संपू नये. नीटनेटके दिसावे ही इच्छा कोणत्याही वयात रास्तच आहे. शिवाय डागांच्या निमित्ताने सत्तरीतील माणसाची त्वचा एखाद्या तज्ज्ञाच्या नजरेखालून जाते, हा लाभ कित्येकदा लेसरहूनही मोठा असतो.

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकवटलेला प्रकाश. थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून तो प्रथम निर्माण केला आणि त्याच दशकात लिऑन गोल्डमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. डागांवरील आजच्या उपचाराचा पाया मात्र १९८३ मध्ये घातला गेला. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की त्वचेतील प्रत्येक घटक विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषतो आणि तापलेला कण थंड होण्यासही ठरावीक वेळ लागतो. त्या वेळेच्या आतच किरण थांबवला, तर कण फुटतो, पण शेजारच्या पेशी भाजत नाहीत. निखाऱ्यावरून हात झटकन फिरवला तर चटका बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. डागातील रंगद्रव्याचे, म्हणजे मेलॅनिनचे, कण फारच सूक्ष्म असल्यामुळे हा झटकाही सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजावा लागतो. ‘क्यू-स्विच्ड एनडी-याग’ या यंत्राचे काम हेच. फुटलेले कण शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी पुढील काही आठवड्यांत उचलून नेतात. म्हणूनच एका बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी चेहरा उजळण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे.

खरी अडचण पुढे आहे. किरणाला मेलॅनिन कळते, डाग कळत नाही. गोऱ्या युरोपीय कातडीवर तपकिरी ठिपका हे एकच ठळक लक्ष्य असते. आपल्या त्वचेत मात्र ठिपक्याभोवतीही भरपूर मेलॅनिन असते. त्वचेच्या रंगाचे जे वर्गीकरण हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुरू केले आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत विस्तारले, त्यात बहुसंख्य भारतीय चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेला थोडी जरी अधिक उष्णता लागली तरी दाह होतो आणि तो ओसरताना मागे नवा काळेपणा ठेवून जातो. डाग घालवायला जावे आणि तो दुणावून परत यावा, असे होते ते यामुळे. उलटपक्षी, फार कमी अंतराने पुष्कळ बैठका केल्या तर रंगपेशीच थकतात आणि चेहऱ्यावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके उरतात. ते भरून येणे काळ्या डागांहूनही कठीण. यंत्रातील ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण मेलॅनिन फार वेगाने शोषते, म्हणून आपल्याकडे तो विशेष जपून वापरावा लागतो. १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण अधिक खोल जातो आणि सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित ठरतो. कोणता किरण वापरणार, हे विचारण्यात रुग्णाने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न असतो तो डाग मुळात आहे कोणता, हा. उन्हाने आणि वयाने हातांवर, गालांवर आलेले सपाट, स्पष्ट कडांचे तपकिरी ठिपके लेसरला चांगली दाद देतात. गालांवरचे आणि मानेवरचे काळे, किंचित उंच दाणे, ज्यांना घरोघरी चामखीळ म्हटले जाते, त्यांतील पुष्कळसे खरे चामखीळ नसतात. ते निरुपद्रवी असतात आणि विजेच्या बारीक सुईने थोडक्यात निघतात. त्यांच्यासाठी लेसरची महागडी मालिका घेण्याची गरज सहसा नसते.

वांगांचे मात्र वेगळे. लेसरची सर्वाधिक जाहिरात वांगांसाठी होते आणि लेसरचा भरवसा सर्वांत कमी वांगांतच असतो. तेथे आधी उन्हापासून बचाव, मग लावायची औषधे आणि तेवढ्याने भागले नाही तरच, तेही सौम्य मात्रेत, लेसर असा क्रम आहे. आणि उपचार थांबले की वांग पुन्हा येऊ शकतात हे आधीच सांगणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा. वांगांसाठी हल्ली ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्याही दिल्या जातात. हे औषध मूळचे रक्तस्राव थांबवण्याचे. ज्यांना हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, पायात रक्ताची गुठळी झाली आहे, त्यांच्यासाठी त्या गोळ्या नव्हेत. शेजारणीला गुण आला म्हणून त्याच गोळ्या दुकानातून आणून घेणे ज्येष्ठांना महागात पडू शकते.

काही डाग आपण रोज स्वतःच्या हातांनी घडवत असतो. कपाळावर नेमक्या कुंकवाच्या जागी आलेला राखाडी-काळा चट्टा हे त्यातले आपल्याकडचे जुने उदाहरण. हळदीपासून केलेल्या पारंपरिक कुंकवाची जागा कृत्रिम रंगांच्या कुंकवाने घेतली आणि त्या रंगांची ॲलर्जी कित्येकींच्या कपाळावर उमटली. केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायनही कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला असाच काळेपणा आणते. न्हाणीघरातील नायलॉनच्या घासणीने खांदे आणि पाठ वर्षानुवर्षे खसाखसा घासणाऱ्यांच्या हाडांवरची त्वचा काळवंडते. त्यांना वाटते मळ निघत नाही, म्हणून ते आणखी घासतात. या तिन्ही ठिकाणी कारण चालू ठेवून लेसर करणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय.

काही डाग तर आतल्या आजाराचे निरोप असतात. मान आणि काखेतील जाडसर, मखमली काळेपणा बहुधा इन्सुलिनशी निगडित असतो. तेथे आधी रक्तातील साखर तपासावी. उतारवयात तोच काळेपणा अचानक आला, झपाट्याने पसरला आणि सोबत वजनही घटू लागले, तर पोटाच्या कर्करोगाची शक्यता डॉक्टरांना तपासावी लागते. घोट्यांभोवतीचा तपकिरी रंग हा अशक्त शिरांमुळे झिरपलेल्या रक्तातील लोहाचा असतो. तेथे शिरांची तपासणी आणि आधारमोजे उपयोगी. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिले जाणारे ॲमिओडॅरोन चेहऱ्यावर निळसर-करडी छटा आणू शकते. अर्थात म्हणून ते परस्पर बंद करायचे नाही, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचे. आणि फार वर्षांपूर्वी संधिवातासाठी सोन्याची इंजेक्शने घेतलेले जे कोणी असतील, त्यांनी ती गोष्ट न विसरता सांगावी. त्वचेत साठलेल्या सोन्याच्या क्षारांवर क्यू-स्विच्ड किरण पडला तर ती जागा तत्काळ निळी-काळी पडते. तीस वर्षांपूर्वीचे उपचार चिठ्ठीवर नसतात. ते घरातल्या कोणाच्या तरी स्मरणात असतात.

सर्वांत जपायचे ते एका गोष्टीला. भारतीयांत त्वचेचा मेलॅनोमा हा कर्करोग विरळा आहे, परंतु सावळ्या वर्णाच्या माणसांत तो होतो तेव्हा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जेथे कोणी पाहत नाही. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यावरील डाग आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा समजला गेला. तो मेलॅनोमा होता आणि १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. कडा वेड्यावाकड्या असलेला, एकाच डागात दोन-तीन रंग दाखवणारा, वाढणारा, खाजणारा किंवा रक्त येणारा डाग असेल तर त्यावर किरण मारणे हा अक्षम्य प्रमाद होय. वरचा रंग नाहीसा होतो, आतला रोग राहतो आणि पुराव्याअभावी निदान लांबते. म्हणून यंत्र हाती घेण्यापूर्वी डर्मोस्कोप या भिंगाने पाहणे आणि शंका असल्यास तुकडा काढून तपासणे, ही पायरी वगळणाऱ्या ठिकाणी जाऊच नये.

ठिकाण निवडताना भपक्याला भुलू नये. त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका असलेले नोंदणीकृत डॉक्टर स्वतः तपासतात की नाही, हे पाहावे. पुण्याचे ससून, मुंबईचे के.ई.एम. अशा रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. निदान आणि सल्ला तेथे अल्प खर्चात मिळतो. सौंदर्योपचारांचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही, तेव्हा एकूण बैठकी आणि एकूण रक्कम आधीच लिहून मागावी; सहा बैठकींचे पैसे एकदम भरून सवलत घेण्यापेक्षा कानामागे किंवा जबड्याखाली लहानशी चाचणी करवून चार-सहा आठवडे थांबणे शहाणपणाचे. तारखेचा दबाव असेल तर हे विशेष लक्षात घ्यावे. लग्न महिन्यावर आले असताना प्रथमच लेसर करणे टाळावे.

डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला लावलेली सर्व मलमे पिशवीत घालून न्यावीत. उजळपणाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर सरकारने २०१८ मध्ये निर्बंध आणले खरे, पण ती घरोघरी अजून आहेत. त्यांनी पातळ आणि लालसर झालेल्या त्वचेवर लेसर करणे धोक्याचे. आधी ती त्वचा सावरावी लागते, आणि त्याला काही महिने जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, ओठांवर वरचेवर येणारी नागीण हे सारे सांगावे. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला डोळ्यांवरचे संरक्षक आवरण काढू नये हे समजेल का, याचा विचार कुटुंबीयांनीच करावा. समजणार नसेल तर तो उपचार करू नये.

बैठकीनंतर ठिपका आधी अधिक गडद होतो, त्यावर पातळ खपली धरते. चेहऱ्यावर ती आठ-दहा दिवसांत, हातांवर दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळते. खरवडली तर डाग पडतो. उन्हापासूनचा बचाव बैठकीपूर्वीच सुरू झालेला असावा. काचेतूनही काही घातक किरण आत येतात, त्यामुळे बंद गॅलरीत पेपर वाचत बसणाऱ्या आजोबांनाही सनस्क्रीन लागतेच. वांगांवर दृश्य प्रकाशाचाही परिणाम होतो, म्हणून लोह-ऑक्साइड असलेले, त्वचेच्या छटेचे सनस्क्रीन अधिक उपयोगी. तर्जनी आणि मधल्या बोटावर नळीतून काढलेल्या दोन रेघा, एवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते. थरथरत्या हातांना ती नळी पिळणे अवघड जाते. सकाळच्या गोळ्या देणाऱ्यानेच ते लावून द्यावे, आणि कान विसरू नयेत.