बनगरवाडीचा मास्तर आणि आपला राब



पावसाने ओढ दिली आणि राबावरचे रोप करपले, की कल्याण-मुरबाडकडचा शेतकरी विचारतो, "साहेब, आता भरवसा ठेवायचा कशावर?" मी त्याला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीची गोष्ट सांगतो.

माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर येतो. शाळेत पोर नाही. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या आधाराने तो शाळा भरवतो. पुढे साऱ्या वाडीच्या मदतीने तालीम बांधतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात. वाडी ओस!

मास्तराला पाऊस पाडता आला नाही. पण पाऊस असेपर्यंतचे काम त्याने टाकले नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच. नुसते हात जोडून बसणे नव्हे.

तुमचे रोप गेले, तर हळव्या भाताचे बी भिजवून मोड आणा. पाऊस येताच चिखलणी करून 'रहू' टाका. शेजाऱ्याचे रोप उरले असेल, तर मागायला लाजू नका. तुमचे उरले, तर बोलावून द्या.

आणि कल्याणला बाजाराला गेलात, तर तिथल्या १८६४ सालच्या सार्वजनिक वाचनालयात हे पुस्तक विचारा. रात्री मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. आजीलाही ऐकू द्या.