कुलूप पक्के, पण किल्ली कोणाची?

समजा तुमची ताई पुण्याला वसतिगृहात राहते आणि तुम्ही वणीजवळच्या एका गावात. एके दुपारी बाबांच्या फोनवर व्हॉट्सॲपचा संदेश येतो : "बाबा, माझा फोन बिघडला. हा नवा नंबर. फीचे पाच हजार लगेच पाठवा." वर बारीक अक्षरांत आश्वासन असते, की हे संभाषण मध्ये कोणालाही वाचता येणार नाही. हे आश्वासन खरे आहे. मग बाबांनी पैसे पाठवावेत काय?

उत्तर देण्यापूर्वी हे कुलूप कसे चालते ते पाहू. वर्गात तुम्ही 'क'ऐवजी 'ख', 'ख'ऐवजी 'ग' अशी गुप्त भाषा केली असेल. तिच्यात एक अडचण असते. मित्राला नियम आधी सांगावा लागतो, आणि तो सांगतानाच तिसऱ्याने ऐकला तर सारे गुपित फुटते. या अडचणीतून १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी वाट दाखवली : किल्ल्या दोन करा, एक जाहीर आणि एक गुप्त. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यासाठी एक सुरेख गणित शोधले.

वही-पेन्सिल घ्या. ३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. ताई सर्वांना सांगते, "मला जी संख्या पाठवायची तिचा घन करा, ३३ने भागा आणि फक्त बाकी कळवा." ही झाली जाहीर किल्ली. तुम्हाला ४ पाठवायचे आहेत. ४चा घन ६४; बाकी ३१. वाटेत चोराच्या हाती पडले तर ३१च पडतील. ताईची गुप्त किल्ली आहे ७. ती ३१चा सातवा घात करून ३३ने भागते. (सोपी युक्ती : ३१ म्हणजे ३३ उणे २, म्हणून ३१ऐवजी −२ घ्या. −२चा सातवा घात −१२८. त्यात ३३ची चौपट, म्हणजे १३२, मिळवा.) बाकी आली ४!

३३चे अवयव तुम्ही चुटकीसरशी सांगाल, आणि ते कळले की ७ शोधणेही कठीण नाही. म्हणून प्रत्यक्षात सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात. तिचे अवयव पाडताना आजचे संगणक हात टेकतात. व्हॉट्सॲपमधले गणित वेगळ्या जातीचे आहे, परंतु जाहीर आणि गुप्त किल्ल्यांच्या जोडीचे तत्त्व तेच.

आता खरी मेख पाहा. "ही ताईची जाहीर किल्ली" असे तुम्हाला कोणी सांगितले? एखाद्या लबाडाने स्वतःचीच किल्ली ताईच्या नावाने पुढे केली, तर तुमचा संदेश उत्तम कुलपात बंद होऊन थेट त्याच्याच हाती जाईल. कुलूप मजकूर झाकते. समोर कोण आहे, हे ते सांगत नाही.

त्यासाठी व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक जोडीचा ६० अंकी सुरक्षा कोड असतो. तो दोघांच्या जाहीर किल्ल्यांपासून तयार होतो. संपर्काच्या माहितीत 'एन्क्रिप्शन' उघडले की तो दिसतो. दोन्ही फोनांवर तो सारखा असला, तर मध्ये कोणी किल्ली बदललेली नाही. मात्र हा कोड त्याच संदेशातून विचारू नका. चोरही आपल्या फोनवरचा कोड बिनचूक वाचून दाखवील! ताई घरी आली की फोन शेजारी ठेवून पडताळा. तिने फोन बदलला की कोडही बदलतो. तेव्हा पुन्हा पडताळा.

हेच गणित उलट फिरवले की सही होते. ताई ४ या संख्येवर गुप्त किल्ली चालवते : ४चा सातवा घात १६३८४, ३३ने भागता बाकी १६. ती ४ आणि १६ दोन्ही पाठवते. आता तुम्ही १६चा घन करून ३३ने भागा. काय उरते ते स्वतःच पाहा. गुप्त किल्ली ताईजवळच असल्याने ही सही तिचीच.

शिवकालीन पत्रांत आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उठवीत. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाच्या पुढे कोणी मजकूर वाढवू शकत नसे. डिजिटल सही ही दोन्ही कामे करते. २०१८पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज उरली नाही. आणि ही किल्ली अमुक अधिकाऱ्याचीच, असे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये परवाना घ्यावा लागतो. म्हणजे इथेही किल्लीची ओळख कोणीतरी पटवून द्यावीच लागते.

तर बाबांनी काय करावे? पैसे पाठवू नयेत. ताईच्या जुन्या नंबरावर फोन करावा. तो लागला नाही तर वसतिगृहात विचारावे. संदेश ज्या वाटेने आला, त्याच वाटेने त्याची खात्री करू नये. आज संध्याकाळी हे घरी समजावून सांगा, आणि उद्या शाळेत मित्राच्या घरच्या फोनशी तुमच्या घरच्या फोनचे साठ अंक ताडून पाहण्याचे ठरवा.