बॅटरी 'फुल' होते म्हणजे काय होते?

हैदराबादेत आमचे विद्यार्थी घरी उर्दू बोलोत वा मराठी, 'बॅटरी फुल झाली' असेच म्हणतात. या शब्दाने घोटाळा होतो. घागरीत पाणी भरावे तशी वीज बॅटरीत भरली जात नाही; तिच्यात साठते ती रासायनिक ऊर्जा.

कोठीच्या ट्रूप बाजारात मिळते ती इन्व्हर्टरची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पाहू. आत सहा सेल, प्रत्येक सुमारे २ व्होल्टचा. एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, भोवती सौम्य गंधकाम्ल. वीज घेऊ लागताच दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये हीच क्रिया उलट फिरते. त्यासाठी प्रवाह एकाच दिशेचा हवा. घरातली २३० व्होल्टची वीज तर सेकंदाला ५० आवर्तने करते. म्हणून साध्या चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो व डायोड प्रवाहाला एक दिशा देतात.

एका महाविद्यालयात उतरलेली बॅटरी उन्हाळी सुटीभर तशीच पडून राहिली. सल्फेटचे स्फटिक कडक झाले आणि जूनमध्ये ती चार्जच घेईना. बोलणी शिपायाला बसली. वास्तविक त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते!

पातळी खाली गेल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार आत साचतात. आम्ल घालू नये. कमी होते ते पाणी, आम्ल आतच राहते.