खापर कुणावर फोडायचं?

सकाळी ७. चहाच्या कपाशेजारी माळ्यावरून काढलेली जॉयस्टिक. केबलच्या टोकाला पंधरा पिनांचा कनेक्टर. आमचा डॉसवाला पीसी केव्हाच भंगारात गेला, ही तेवढी उरली. तिला पहिल्यापासून एक खोड होती: हात सोडला की विमान डावीकडे कलायचं. दादा काठीला रबरबँड लावायचा. तरीही विमान पडलंच, तर खापर काठीवर.

सकाळी ८. चार स्क्रू काढले. आत दोन पॉट (काठीबरोबर फिरणारे रेझिस्टर), बटणांचे स्विच, बाकी पोकळी. मल्टिमीटर लावून काठी सावकाश वळवली. आकडा ० पासून १०० किलोओहमपर्यंत एकसारखा चढायला हवा. उभ्या दिशेचा चढला. आडव्या दिशेचा ४८ वरून टुणकन ७० वर, आणि परत. काठी सगळ्यात जास्त मध्यावर असते. कार्बनची पट्टी झिजलीही तिथेच. क्लीनर फवारून पन्नासदा फिरवलं. उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

सकाळी ११. तपकीर गल्ली. "काका, शंभर केचा पॉट द्या." काकांनी न बघताच एक पुढे सरकवला. पाठीवर 'ए'. हा आवाज कमी-जास्त करायचा; याचा चढ एकसारखा नसतो.

"बी द्या, लिनिअर."

"अँप्लिफायरलाच ना?"

"नाही, विमानाला."

काकांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि 'बी' दिला.

दुपारी १. दांडा बोटभर लांब. करवतीने कापला, दोन सांध्यांना डाग दिले. आमटी दोनदा गरम करावी लागली.

दुपारी ३. खरी मेख इथे. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला हा पंधरा पिनांचा गेम पोर्ट विंडोजने व्हिस्टापासून वाऱ्यावर सोडला. लॅपटॉपला हवं यूएसबी, म्हणून मध्ये आर्डुइनोचा छोटा बोर्ड. पण पॉटच्या तीन पायांपैकी दोनच जोडलेले असतात, त्यामुळे ग्राउंडकडे १०० किलोओहमचा एक रेझिस्टर लावला. ५ व्होल्टवर टोकांना मिळाले ५ आणि २.५, मध्याला ३.७५ हवेत, आले ३.३३. म्हणजे नवा पॉट घालूनही विमान एका अंगाला! मग व्होल्टवरून ओहम काढून तेच पुढे पाठवले. कोडची एक ओळ, पण दीड तास गेला.

संध्याकाळी ६. लॅपटॉपवर डॉसचे खेळ चालवणारा डॉसबॉक्स. काठी कुठे आहे हे जुन्या पीसीला थेट कळतच नसे. तो एक कपॅसिटर भरायला सोडायचा आणि भरायला लागलेला वेळ मोजायचा. १०० किलोओहमला जेमतेम १.१ मिलिसेकंद. बरेच खेळ हा वेळ घड्याळाने नाही, तर एक, दोन, तीन असं मोजायचे. मशीन वेगवान झालं की मोजणी फुगायची आणि काठी भरकटायची. डॉसबॉक्स त्या कपॅसिटरचं सोंग घेतो. विमान अजून सरकत होतं. त्याच्या सेटिंगमधलं 'टाइम्ड'पुढचं 'ट्रू' खोडून 'फॉल्स' लिहिलं. थांबलं.

रात्री ९. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर ५, साल १९९३. शिकागोचं मेग्ज फील्ड. खऱ्या मेग्जची धावपट्टी २००३ मध्ये एका रात्रीत उखडली. इथे ती शाबूत आहे. उत्तरेकडे उड्डाण, डावीकडे शहर, उजवीकडे मिशिगन सरोवर. हात सोडला. विमान सरळ.

दादाला व्हिडिओ कॉल केला.

"डावीकडे जातंय का अजून?"

"अजिबात नाही."

"मग उतरवून दाखव."

वळलो, खाली आलो, आणि धावपट्टीच्या अलीकडेच पाण्यात. दादा काही बोलला नाही, नुसता हसत होता. मी सवयीने काठीकडे पाहिलं. ती मध्यावर, निमूट उभी.