डोहाळ्यांची दरखास्त

धाकटी मावशी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, त्या वर्षी मी आजोळीच शिकायला होतो. आणि माझ्या दप्तरातल्या पाटीवरच्या पेन्सिली एकामागून एक नाहीशा होऊ लागल्यामुळे, वस्तू सांभाळता येत नाहीत म्हणून चार दिवस बोलणी खाल्ल्यावर, एका दुपारी माजघरातून कुटुककुटुक असा बारीक आवाज आला म्हणून डोकावलो, तो मावशी भिंतीला टेकून, पदराआड धरलेली पेन्सिल खडीसाखरेसारखी दाढेखाली फोडीत बसलेली! ओठांच्या कडेला राखी भुकटी लागलेली होती. आजीला हे कळले तेव्हा तिने, "मातीचे डोहाळे आहेत, चालायचंच," असा निकाल देऊन प्रकरण दप्तरी दाखल केले. मावशीची नखे पांढरीफटक पडली होती. पण दिवस गेलेल्या बाईचे असेच असते, असे सर्वांनीच धरून चालले होते.

'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद' आणि प्राकृत 'दोहल' या वाटेने मराठीत आला. गर्भिणीच्या ठायी स्वतःचे एक आणि गर्भाचे एक अशी दोन हृदये नांदतात, म्हणून तिच्या इच्छा या वस्तुतः गर्भाच्याच इच्छा होत, अशी प्राचीन वैद्यांची उपपत्ती. ही अवस्था चरकसंहिता तिसऱ्या महिन्यात सांगते, सुश्रुतसंहिता चौथ्या, आणि इच्छा अपुरी राहिली तर अपत्यात व्यंग येते असा धाकही सुश्रुत घालतो. 'दोन जिवांची बाई' हा आपला घरगुती शब्दप्रयोग याच कुळातला. कालिदासाने 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणीला नेमके मातीचेच डोहाळे लावले आहेत. तिच्या मुखाचा मृद्गंध दिलीप राजा एकांतात हुंगतो, आणि होणारा पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार म्हणून मातेला आधीच पृथ्वीची रुची लागली, असा खुलासा कवी करतो. खुलासा रमणीय आहे. राणीच्या रक्तातील लोहाची चौकशी मात्र त्यात नाही.

शरीराला जे उणे पडते त्याचीच दरखास्त जीभ करते, ही समजूत आजही घरोघर आहे, आणि ती ऐकायला जितकी गोड तितकीच पुराव्याला लंगडी. फॉलिक आम्लाचेच उदाहरण घ्या. गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारे 28 दिवसांत मिटते, आणि या दिवसांत फॉलिक आम्ल कमी पडले तर कण्यात जन्मजात दोष राहण्याचा संभव वाढतो. पण तोपर्यंत पुष्कळदा दिवस राहिल्याचीच खात्री झालेली नसते, मग डोहाळे कुठले? शिवाय फॉलिक आम्ल पुरवणाऱ्या मेथीच्या भाजीसाठी मध्यरात्री घर डोक्यावर घेतलेली गर्भवती निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

या द्रव्याच्या शोधाची कथा मुंबईतच सुरू होते. 1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका, गरोदरपणी जडणाऱ्या आणि कित्येकदा प्राणावर बेतणाऱ्या एका रक्तक्षयाचा छडा लावण्यासाठी या शहरात आली, आणि गिरणीकामगार वर्गातील गरीब स्त्रियांच्या आहाराचा तपशील घेता घेता, जंतूंपेक्षा ताटातल्या उणिवेकडेच तिचा संशय वळला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला फासून खातात त्या मार्माइटने, अशा रोगिणी बऱ्या होतात हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. त्या गुणाचा धनी असलेले द्रव्य 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. जिभेला ही तूट कळत असती, तर विल्सबाईंना एवढा खटाटोप करावा लागला नसता.

मग डोहाळे येतात कोठून? गर्भ आणि वार यांतून स्रवणारे जीडीएफ15 हे संप्रेरक मातेच्या मेंदूत मळमळ जागवते, आणि ज्या स्त्रियांच्या रक्तात ते एरवी कमी असते त्यांना सवय नसल्यामुळे त्रास अधिक होतो, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. बार्सिलोनातील शास्त्रज्ञांनी त्याआधी एक वर्ष गाभण उंदरिणींची गोडाची ओढ मेंदूतील डोपामिनच्या मार्गांपर्यंत माग काढीत नेली होती. तरीही अमेरिकेतली गर्भवती चॉकलेट मागते आणि आपल्याकडची कैरी, चिंच, आवळा, याचा उलगडा एकट्या संप्रेरकांनी होत नाही. वर्षभर सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या सुनेचा घरात मंजूर होणारा बहुधा हा एकमेव अर्ज होता, आणि म्हणून सुश्रुताचा धाक शास्त्राला न पटणारा असला तरी त्या सुनेच्या मुखी चार घास अधिक घालून गेला, असे माझे मत आहे.

माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ यांची ओढ मात्र निराळ्या सदरात घालावी लागते. वैद्यक तिला 'पायका' म्हणते. दिसेल त्यावर चोच मारणाऱ्या मॅगपाय पक्ष्याचे हे लॅटिन नाव. लोहाची उणीव आणि ही ओढ पुष्कळदा हातात हात घालून आढळतात, आणि लोह दिल्यावर हिमोग्लोबिन चढण्यापूर्वीच बर्फाची तल्लफ ओसरल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. म्हणजे ही फिर्याद बव्हंशी खरी, फक्त मागितलेला माल चुकीचा: कित्येक प्रकारची माती अन्नातील लोह आतड्यातच धरून ठेवते, आणि तिच्याबरोबर शिसे व जंतांची अंडी पोटात जाण्याचे भय असतेच. गरोदरपणात रक्तद्रव निम्म्याच्या घरात वाढतो, तांबड्या पेशी तितक्या वाढत नाहीत, आणि नऊ महिन्यांचा लोहाचा एकूण खर्च सुमारे 1000 मिलिग्रॅमवर जातो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, त्याचे एक मोठे कारण हा खर्च शिलकीतून भागत नाही हेच.

जमाखर्चाचा हा मेळ घालण्यास नित्याच्या जेवणाच्या सवयी डोहाळ्यांहून अधिक उपयोगी पडतात. जेवणावर लगेच घेतलेला चहा वनस्पतिज अन्नातील लोहाचे शोषण घटवतो. लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू ते वाढवतो. लोखंडी कढईत चिंच-टोमॅटोची आमटी उकळली तर थोडे लोह तीही देते. 'दोघांचे खा' हा आग्रह मात्र आवरता घ्यावा, कारण राष्ट्रीय पोषण संस्थेने गर्भवतीस सुचवलेली जादा ऊर्जा दिवसाला 350 कॅलरी, म्हणजे दोन-तीन पोळ्यांच्या आसपासच आहे.

तेव्हा घरातील गर्भवतीच्या उशीखाली पेन्सिलीचे तुकडे सापडले तर हसू नका, रागावूही नका; तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. 11 ग्रॅमच्या खाली भरले तर तो रक्तक्षय, आणि त्यावरच्या लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात.